धोतराची गाठ आणि डॉ. खानोलकर

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, मेंदूतील गाठीने गेले. त्याआधी वर्षभर, लोणी देवकरच्या आमच्या घरी माळ्यावरून ज्वारीचे पोते काढताना तुळई त्यांच्या डोक्याला लागली होती. मोठे टेंगूळ आले, काकूंनी हळद भरली, आठ दिवसांत सारे निवळले. पुढे फिट येऊ लागल्या. पुण्याला ऑपरेशन झाले आणि गाठ ग्लायोमा जातीची निघाली. सूज आत उतरली आणि तिचीच गाठ झाली, असे काकूंच्या मनाने घेतले. पोते काढायला त्यांनीच सांगितले होते. गावात कोणी त्यांचे म्हणणे खोडून काढले नाही. उलट पारावर प्रत्येकाजवळ तशीच एखादी हकीकत होती.

सुजेतून गाठ होते का, या प्रश्नाचा माग काढताना मला डॉ. वसंत रामजी खानोलकर भेटले. प्रश्न तसा जुनाच. जर्मनीतील रुडॉल्फ विरशॉ यांनी १८६३ साली कर्करोगाचा संबंध दीर्घकाळच्या दाहाशी जोडला होता. मेंदूतील ग्लिया या आधार-ऊतीला नाव देणारेही तेच. पण आपल्या लोकांच्या अंगावर हा संबंध शोधला तो खानोलकरांनी.

त्यांचा जन्म १८९५ चा, घराणे गोमंतकातले. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. त्यांनी १९२३ मध्ये मिळवली. परतल्यावर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले. विकृतिशास्त्रज्ञ म्हणजे रोग्याच्या उशाशी न बसणारा डॉक्टर. त्याची गाठ पडते ती काचपट्टीवरच्या मांसाच्या तुकड्याशी. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

तेथे देशभरातून रोगी येत. खानोलकरांनी गाठ पाहिलीच, पण ती कोणाला झाली, शरीरावर नेमकी कोठे झाली आणि तो माणूस रोज काय करतो, हेही पाहिले. सूर्याबाई या सहकाऱ्यासह त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांवरच आहे. त्यात धोतराचा कर्करोग आहे! वाचताना मला आमच्या पारावरची सगळी म्हातारी मंडळी आठवली. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी आवळून बांधले की तेथील कातडी काळवंडते, खरखरीत होते, सोलवटते, आणि क्वचित एखाद्याला तेथेच न भरणारा व्रण होऊन कर्करोग होतो. क्वचितच, हे महत्त्वाचे. धोतर नेसणारे बहुतेक सगळे सुखाने म्हातारे होतात. तंबाखू-चुन्याची गोळी जेथे धरली जाते तेथे होणाऱ्या कर्करोगाचे गणित यापेक्षा फारच भयंकर, आणि त्यावरही त्यांनी पुष्कळ काम केले.

यामागची क्रिया आज अधिक उलगडली आहे. जखम झाली की रक्षक पेशी धावून येतात आणि भोवतालच्या पेशींना वाढण्याचा संदेश देतात. जखम भरली की संदेश थांबतो. पण घर्षण रोजचेच असेल तर तो थांबतच नाही. पेशी विभागत राहतात आणि त्यात चूक होण्याचा संभव वाढतो.

१९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, तेही खानोलकरांच्या पुढाकाराने. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या त्यांच्याच विद्यार्थिनी. कुष्ठरोगात मज्जातंतूंचे काय होते, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. आमच्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना ते या नात्याने तरी ठाऊक असायला हरकत नव्हती. १९७८ मध्ये ते वारले.

मेंदूतील गाठ हा काही त्यांचा खास विषय नव्हता. तरी मी त्यांच्याच पद्धतीने तात्यांकडे पाहू लागलो. धोतराची गाठ रोज, वर्षानुवर्षे काचते. तुळई एकदाच लागली आणि सूज आठ दिवसांत ओसरली. ग्लायोमाच्या गाठीत मेंदूतल्या आणि रक्तातून आलेल्या रक्षक पेशी मोठ्या संख्येने सापडतात, कधी कधी गाठीतील पेशींच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक, हे खरे. पण गाठच त्यांना बोलावून घेते आणि आपल्या वाढीसाठी राबवते, असे दिसून आले आहे. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांत तर ग्लायोमा थोडा कमीच आढळतो, म्हणजे दाह तेवढा घातकच असेही म्हणता येत नाही. आणि डोक्याला एकदा मार लागल्याने ग्लायोमा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

दिवाळीच्या सुटीत काकूंना हे सारे सांगितले. धोतराची हकीकत ऐकून त्या जरा हसल्या. मग बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या आणि त्यांनी विचारले, की मग त्यांनाच का झाली? बहुतेक ग्लायोमांचे कारण डॉक्टरांनाही सापडत नाही, एवढेच मी सांगू शकलो. पोत्याचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही.