शिकत राहिलेला शिक्षक : मायकेल फॅरडे

मायकेल फॅरडे हे नाव आपण शाळेत विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमाबरोबर पाठ केलेले असते. १८३१ साली त्यांनी लावलेल्या त्या शोधावरच आजची विद्युतजनित्रे चालतात. परंतु याच शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्यातील कित्येक वर्षे लोकांना, आणि विशेषतः मुलांना, विज्ञान समजावून सांगण्यात वेचली, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक असेल? त्यांच्या शोधांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आपण त्यांच्यातील शिक्षकाकडे पाहू.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा झाली ती लिहिण्यावाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागले आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचू लागले. त्यांतले एक जेन मार्सेटबाईंचे, रसायनशास्त्र संवादरूपाने सांगणारे. मनाची सुधारणा कशी करावी हे सांगणारे आयझॅक वॉट्स यांचे पुस्तकही त्यांच्या हाती आले. ज्यांची गीते जगभरच्या मंडळ्या आजही गातात, तेच हे वॉट्स! टिपणे ठेवावीत, व्याख्याने ऐकावीत, मित्रांशी पत्रव्यवहार करावा, हा त्यांचा सल्ला फॅरडेंनी तंतोतंत पाळला. १८१२ साली हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे त्यांनी सुबक बांधून त्यांच्याकडे पाठविली, आणि मार्च १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले.

आता पाहा, अवघ्या एकवीस वर्षांचा हा मदतनीस काय करतो! तो इतरांची व्याख्याने ऐकता ऐकता व्याख्यात्यांचेच निरीक्षण करू लागतो. सभागृहात हवा खेळती आहे काय, श्रोत्यांना येण्याजाण्याची सोय आहे काय, उपकरणे सर्वांना दिसतात काय, तासाभरानंतर लक्ष कसे उडते, हे सारे तो आपल्या मित्राला पत्रांतून कळवतो. पुढे स्वतः बोलण्याची वेळ आली तेव्हा तुटपुंज्या वेतनातून त्यांनी वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे शिकवणी लावली. आपल्या व्याख्यानास एका मित्राला मुद्दाम बसवून चुका टिपावयास सांगितले. नावलौकिक झाल्यावरही, बोलण्याचा वेग वाढला की ‘सावकाश’ असे लिहिलेले पुठ्ठ्याचे कार्ड त्यांचे मदतनीस समोर ठेवीत. आपण कधी कोणाला असे कार्ड ठेवू दिले असते काय? मला तर त्यांच्या एखाद्या शोधाइतकेच हे कार्ड मोठे वाटते.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होत. १८२७ ते १८६० या काळात फॅरडेंनी अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यांतील सर्वांत गाजलेली साध्या मेणबत्तीवरची. ती १८६१ साली पुस्तकरूपानेही निघाली. त्यांनी मुलांना देशोदेशीच्या मेणबत्त्या दाखविल्या. १७८२ साली बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ जहाजातून वर काढलेली, इतकी वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही पेटणारी मेणबत्तीही त्यांत होती. मग प्रश्न आला : वितळलेले मेण वातीतून वर चढते कसे? ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरून त्यांनी तेथील वाफ बाहेर आणली व नळीच्या दुसऱ्या टोकाशी पेटविली. जळणाऱ्या मेणबत्तीतून पाणी निर्माण होते हेही प्रयोगाने दाखविले. शेवटी ते आपल्या श्वासापाशी येऊन पोहोचले, कारण शरीरातही तसेच मंद ज्वलन चालू असते. घरातल्या एका वस्तूतून अख्खे रसायनशास्त्र उलगडले! आपल्याकडे एखाद्या खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नसेल. मेणबत्ती मात्र मिळतेच.

फॅरडे सँडेमनियन नावाच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे सभासद होते. १८२१ साली, सेरा बार्नर्ड यांच्याशी विवाह झाल्यावर महिन्याभरात, त्यांनी मंडळीपुढे आपला विश्वास प्रकट केला. दोनदा ते मंडळीचे वडील झाले व उपदेशही करीत. तेथे मात्र प्रयोगमंचावरील वक्तृत्व दिसत नसे. पवित्र शास्त्रातील वचने ते साधेपणाने वाचून दाखवीत. विज्ञानाच्या व्याख्यानांत धर्माचा प्रचार करणे त्यांनी टाळले. कित्येकांना हे रुचणार नाही, परंतु ही त्यांची विचारपूर्वक स्वीकारलेली रीत होती. सरदारकी त्यांनी नाकारली, आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही.

उतारवयात स्मृती त्यांना दगा देऊ लागली. शिक्षकाला यासारखे दुसरे दुःख कोणते? १८६१ साली त्यांनी मुलांची व्याख्याने सोडली. १८६२ मध्ये शाळांविषयीच्या सरकारी आयोगापुढे साक्ष देताना, विज्ञान शाळकरी मुलांना शिकविलेच पाहिजे व ते त्यांना समजू शकते, असे त्यांनी आग्रहाने मांडले. त्याच वर्षी २० जूनला त्यांचे शेवटचे शुक्रवारचे व्याख्यान झाले. विषय होता वायूवर चालणाऱ्या भट्ट्यांचा. आपण निवृत्त का होत आहोत, हे त्यांनी टिपणांत आधीच लिहून ठेवले होते. पाच वर्षांनी, २५ ऑगस्ट १८६७ रोजी, हॅम्प्टन कोर्ट येथील घरी खुर्चीत बसलेले असताना त्यांनी देह ठेवला. हायगेटच्या दफनभूमीत एका साध्या शिळेखाली त्यांची कबर आहे.