अहिल्याबाईंनी हक्क देऊन माणसे जोडली

इंदूरच्या राजवाड्यासमोर देवी अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे. तेथे हात जोडणाऱ्यांत मराठी माणसे असतात, तशीच माळवी आणि हिंदी बोलणारीही असतात. परमुलखात आलेल्या मराठी स्त्रीला तेथील रयतेने आपली का मानले, हा प्रश्न आम्हां सीमावासीयांच्या जिव्हाळ्याचा आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी झाला. मल्हारराव होळकरांच्या सूनबाई म्हणून त्या माळव्याशी जोडल्या गेल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही. दौलतीवर डोळा ठेवून राघोबादादा फौजेसह चालून आले. बाईंनी लढाईची तयारी केली, पण पेशवे माधवरावांकडे दादही मागितली. पेशव्यांनी त्यांचा कारभार मान्य केला आणि युद्ध टळले. पुढे फौज तुकोजी होळकरांकडे व मुलकी कारभार बाईंकडे, अशी वाटणी झाली. पैशावरून दोघांचे मतभेद होत, तरी ही व्यवस्था १७९५ साली बाईंच्या निधनापर्यंत टिकली.

डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी प्रथम सामोपचार केला, नंतर कडक बंदोबस्तही केला. परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. डोंगरवाटेने जाणाऱ्या मालावर भिलकवडी हा छोटा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला, कसण्यास पडीक जमीन दिली. त्या बदल्यात वाटेची राखण आणि चोरीस गेलेल्या मालाचा शोध ही जबाबदारी भिल्लांवर टाकली. कालचे लुटारू वाटेचे राखणदार झाले. भिल्लांनी भिल्लपण सोडावे, अशी अट त्यात नव्हती.

आम्हांला येथेच खरा धडा दिसतो. सलोखा म्हणजे एकाने गप्प बसणे नव्हे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून सीमाभागातील मराठी माणूस आपल्या भाषेतील शाळा आणि कागदपत्रे मागत आला आहे. ही मागणी शेजारच्या कन्नड बांधवाविरुद्ध नाही. त्याच्याशी आमचा बांध, बाजार आणि जत्रा सामाईक आहे. हक्क मान्य झाला की माणूस जबाबदारीही घेतो, हे राज्यकर्त्यांनी अहिल्याबाईंकडून शिकावे. आपणही गावात शेजाऱ्याची भाषा आदराने ऐकावी, आणि आपली मागणी मात्र सोडू नये.