प्रा. जोसेफ मुंडश्शेरी : शिक्षकांसाठी कायदा करणारा शिक्षक

अनुदानित खासगी शाळेतील शिक्षकाला ठरलेला पगार पुरता मिळावा आणि चौकशीवाचून त्याची नोकरी जाऊ नये, या गोष्टी आज आपल्याला इतक्या स्वाभाविक वाटतात की, त्यांसाठी कोणाला झगडावे लागले असेल हे मनातही येत नाही. त्याचप्रमाणे अल्पसंख्याक समाजाला स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क भारतीय घटनेच्या ३० व्या कलमाने दिला आहे, हेही आपण गृहीतच धरतो. शिक्षकाची सुरक्षितता आणि संस्थेचे स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी न्याय्य आहेत. परंतु त्या एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या तर काय करावे? हा प्रश्न १९५७ साली केरळात उभा राहिला आणि अखेर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यांच्या हातून तो उभा राहिला, ते केरळचे पहिले शिक्षणमंत्री प्रा. जोसेफ मुंडश्शेरी हे पेशाने शिक्षक होते आणि स्वतः अल्पसंख्याक समाजातले होते. त्यांचे चरित्र शिक्षकांनी आणि संस्थाचालकांनीही अभ्यासावे असे आहे.

मुंडश्शेरी यांचा जन्म १७ जुलै १९०३ रोजी त्या वेळच्या कोचीन संस्थानातील त्रिचूरजवळच्या कंडश्शांकडवु या गावी एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. मद्रास विद्यापीठातून त्यांनी संस्कृत व मल्याळम या भाषांत एम. ए. केले. प्रथम शाळेत शिकवून पुढे ते त्रिचूरच्या सेंट थॉमस कॉलेजात भाषांचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज कॅथलिक चर्चचे. १९५२ पर्यंत, म्हणजे आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे, त्यांनी तेथे अध्यापन केले. एका ख्रिस्ती अध्यापकाने संस्कृत काव्यशास्त्राचा व्यासंग करावा आणि त्याच्या आधारे मल्याळम काव्याची पारख करावी, ही गोष्ट त्या काळी कौतुकाची होती. मल्याळम समीक्षेत त्यांचे स्थान वरच्या पायरीवरचे आहे. ते पुरोगामी साहित्य चळवळीचे एक अध्वर्यू होते. पण साहित्यात विचार कितीही चांगला असला तरी त्याचे रूपही तितकेच सुंदर असले पाहिजे, असा आग्रह त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांपुढे धरला. त्यावरून चळवळीत मोठा वाद झाला. मित्रांची नाराजी पत्करूनही आपले मत न सोडण्याचा त्यांचा हा स्वभाव पुढे राजकारणातही दिसून आला.

त्यांनी 'प्रोफेसर' नावाची एक कादंबरीही लिहिली. खासगी कॉलेजातील अध्यापकाची ओढाताण हा तिचा विषय. हे दुःख त्यांना ऐकीव नव्हते. त्या काळी केरळच्या बहुतेक शाळा खासगी व्यवस्थापनाकडे होत्या. चर्च, नायर सर्व्हिस सोसायटी, इतर समाजांच्या संस्था आणि कित्येक ठिकाणी एखादा धनिक गृहस्थ शाळेचा मालक असे. या संस्थांनी केरळात अक्षरज्ञान घरोघर नेले, हे त्यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. पण नाण्याची दुसरी बाजूही होती. शिक्षकाने एका रकमेवर सही करावी आणि हाती त्याहून कमी रक्कम घ्यावी. सुट्टीचा पगार वाचावा म्हणून मार्चमध्ये त्याला काढून टाकावे आणि जूनमध्ये पुन्हा नेमावे. मॅनेजरची मर्जी फिरली की नोकरी जावी, असे प्रकार सर्वश्रुत होते. मुलांना स्वाभिमान शिकविणारा शिक्षक स्वतः मात्र मान खाली घालून उभा असे.

मुंडश्शेरी १९४८ साली कोचीनच्या विधिमंडळावर निवडून आले. पुढे कोचीन व त्रावणकोर एक झाले आणि १९५४ साली ते त्या संयुक्त राज्याच्या विधानसभेत गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मलबारसह आजचे केरळ राज्य अस्तित्वात आले. त्याच्या पहिल्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाला यश मिळाले आणि ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या नेतृत्वाखाली ११ जणांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. मणलूर मतदारसंघातून निवडून आलेल्या मुंडश्शेरींकडे शिक्षणखाते सोपविण्यात आले. पंचविसांहून अधिक वर्षे खडूफळ्याशी संबंध असलेला माणूस आता शिक्षणाचा कायदा करणार होता.

त्यांनी वेळ दवडला नाही. जुलै १९५७ मध्ये केरळ शिक्षण विधेयक विधानसभेत आले आणि २ सप्टेंबर रोजी ते संमतही झाले. त्यातील मुख्य तरतुदी अशा होत्या. अनुदानित खासगी शाळेतील शिक्षकाचा पगार सरकार स्वतः देईल आणि शाळेने घेतलेली फी सरकारकडे जमा होईल. शिक्षकांची निवड लोकसेवा आयोग करील, आयोगाच्या यादीतूनच संस्थेने नेमणूक करावी आणि या निवडीत मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा विचार व्हावा. अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून शिक्षकाला बडतर्फ करता येणार नाही. याखेरीज प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याची व्यवस्था विधेयकात होती. मात्र आणखी दोन कलमे होती, क्रमांक १४ आणि १५. व्यवस्थापन कर्तव्यात चुकले तर शाळा काही वर्षांसाठी ताब्यात घेण्याचा अधिकार पहिल्याने सरकारला मिळत होता आणि नुकसानभरपाई देऊन शाळा कायमच्या घेण्याचा दुसऱ्याने.

वादळ उठले ते येथे. पगार सरकारने दिला तर शिक्षकांना आनंदच होता. परंतु शिक्षक निवडायचा कोणी आणि शाळा उद्या आपली राहील की नाही, या शंकेने संस्थाचालक हवालदिल झाले. चर्चचा विरोध सर्वांत तीव्र होता. मुंडश्शेरींचे सारे आयुष्य ज्या समाजात गेले, त्याच समाजाचे धर्मगुरू आता त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. आपल्या माणसांशी मतभेद झाला म्हणजे त्याचा डंख अधिक असतो.

राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी घटनेच्या १४३ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. २२ मे १९५८ रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या पीठाने आपले मत दिले. अल्पसंख्याक कोणास म्हणावे, येथून न्यायालयाने सुरुवात केली. केरळची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४२ लाख; तीत ख्रिस्ती ३४ लाख आणि मुसलमान २५ लाख. राज्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून कमी असलेले हे दोन्ही समाज अल्पसंख्याक ठरतात आणि ३० व्या कलमाचे संरक्षण त्यांना आहे, असे न्यायालयाने सांगितले. सरकारी अनुदान घेतले म्हणून हा हक्क गमवावा लागत नाही. म्हणून कलम १४ व १५ अल्पसंख्याकांच्या शाळांना लावता येणार नाहीत. परंतु संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट रीतीने चालविण्याचा हक्क येत नाही, हेही न्यायालयाने तितक्याच स्पष्टपणे नोंदविले. शिक्षकांचा पगार, निवड आणि संरक्षण यांविषयीची कलमे हक्काच्या मर्यादेला अगदी येऊन भिडतात, तरीही तूर्त ती मान्य करता येतील, असा निर्वाळा मिळाला.

या एका मतप्रदर्शनाचा आधार पुढे देशभरच्या अल्पसंख्याक संस्थांनी घेतला. आपल्या महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा १९८१ साली अंमलात आला. त्यात शिक्षकाला संरक्षण आहे आणि मुख्याध्यापकाच्या नेमणुकीबाबत अल्पसंख्याक संस्थांना मोकळीकही आहे. ही दोन्ही सूत्रे केरळच्या त्या वादात प्रथम एकत्र तपासली गेली होती.

न्यायालयाच्या मतानुसार सुधारलेले विधेयक नोव्हेंबर १९५८ मध्ये पुन्हा संमत झाले आणि १९ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण आता प्रश्न कायद्याच्या शब्दांपुरता राहिला नव्हता. जमीन सुधारणेच्या विधेयकाने जमीनदार बिथरले होते, नव्या पाठ्यपुस्तकांवर पक्षप्रचाराचा आरोप होत होता. चर्च, मन्नत्तु पद्मनाभन यांची नायर सर्व्हिस सोसायटी, मुस्लिम लीग आणि काँग्रेस सरकारविरुद्ध एक झाले. जून १९५९ मध्ये 'विमोचन समरम्', म्हणजे मुक्तिलढा, सुरू झाला. शाळा उघडण्याच्या दिवसांत कित्येक खासगी शाळांची दारे बंद राहिली. १३ जून रोजी अंगमाली येथे पोलिसांच्या गोळीबारात सात जण मृत्युमुखी पडले. शेवटी ३१ जुलै १९५९ रोजी केंद्र सरकारने मंत्रिमंडळ बरखास्त केले. मुंडश्शेरींचे मंत्रिपद अवघे अठ्ठावीस महिने टिकले.

या प्रकरणात मुंडश्शेरींचे कोठे चुकले, याचाही विचार केला पाहिजे. शिक्षकाला न्याय देण्याची त्यांची तळमळ खरी होती. पण शाळा ताब्यात घेण्याची तरतूद त्याच विधेयकात घातल्याने पगाराचा प्रश्न मागे पडला आणि मालकीचा पुढे आला. ज्या समाजांनी पै पै जमवून शाळा उभारल्या होत्या, त्यांचे भय केवळ स्वार्थाचे नव्हते. त्यांना विश्वासात घेण्यासाठी जो धीर लागतो, तो त्या सरकारने दाखविला नाही. उलट, स्वातंत्र्याच्या नावाखाली शिक्षकाचा अर्धा पगार दाबणाऱ्यांनाही या लढ्याची ढाल मिळाली, हेही नाकारता येत नाही.

तथापि काळाने जो निवाडा केला तो पाहण्यासारखा आहे. १९६० साली आलेल्या नव्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून लोकसेवा आयोगामार्फत निवड करण्याची अट काढून टाकली. नेमणुकीचा अधिकार पुन्हा व्यवस्थापनाकडे गेला. मात्र शिक्षकाचा पगार थेट सरकारने देण्याची तरतूद कोणीही काढली नाही. १९७२ साली खासगी कॉलेजांतील अध्यापकांनाही सरकारकडून थेट पगार मिळू लागला. 'प्रोफेसर' कादंबरीच्या लेखकाला हा दिवस डोळ्यांनी पाहता आला. त्याआधी १९७१ साली कोचीन येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू म्हणून त्यांचीच निवड झाली होती. 'गळलेली पाने' अशा अर्थाच्या नावाने त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. २५ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

अल्पसंख्याक संस्थेत काम करणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे चरित्र दोन्ही बाजूंनी जवळचे वाटते. संस्था आपली आहे, म्हणून तिचे स्वातंत्र्य आम्हाला प्रिय आहे. नोकरी हीच आमची भाकरी आहे, म्हणून तिची शाश्वतीही हवी आहे. संस्थेचा हक्क न्यायालय राखू शकते. परंतु त्या हक्काची प्रतिष्ठा संस्था आपल्या शिक्षकाला कसे वागविते आणि शिक्षक आपल्या वर्गाला कसा वागवितो, यावरच टिकते. जेथे पगार पुरता आणि वेळेवर होतो, नेमणूक गुणांवर होते आणि हिशेब उघडा असतो, तेथे सरकारी हस्तक्षेपाला निमित्तच उरत नाही. मुंडश्शेरींना जे कायद्याच्या बळावर साधायचे होते, ते संस्थाचालकांना आणि शिक्षकांना स्वखुशीनेही साधता येण्यासारखे आहे. तसे झाले तर ३० व्या कलमाने दिलेला हक्क आपण पात्रतेने भोगतो आहोत, असे म्हणता येईल.