नवाब जफर जंग आणि हैदराबादची वेधशाळा

1948 पर्यंत आपलं गंगाखेड निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यातले मोठे अमीर म्हणजे नवाब जफर जंग बहादूर. इंग्लंडमध्ये शिकलेले, फौजेचा कारभार पाहणारे. शौक मात्र आकाशाचा.

त्यांनी इंग्लंडहून ग्रब कंपनीची 15 इंची दुर्बीण घेतली, तीही स्वतःच्या पैशाने. 1901 साली हैदराबादेत फिसल बंडा इथल्या आपल्या जागेत वेधशाळा सुरू केली आणि सहाव्या निजामांच्या परवानगीने तिला निजामिया नाव दिलं.

पण दुर्बीण आणली म्हणजे काम झालं, असं नसतं. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. त्यांच्यामागे फिरणाऱ्या दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला अगदी समांतर लागतो. ध्रुवतारा, ज्याला आपण घरी कुतुब तारा म्हणतो, हैदराबादेत क्षितिजापासून 17 अंशांच्या थोडा वर दिसतो, गंगाखेडला साधारण 19. पण तो नेमक्या ध्रुवावर नाही, त्यामुळे नुसता त्याच्यावर नेम धरून भागत नाही. मग ताऱ्यालाच विचारायचं! दक्षिणेला माथ्यावर आलेला एक तारा दुर्बिणीतल्या तारेवर धरायचा, यंत्र चालू ठेवायचं आणि बघत बसायचं. काही मिनिटांत तो उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकला, तर आस पूर्व-पश्चिमेत चुकलाय. तसाच पूर्वेकडचा तारा सरकला, तर आसाची उंची चुकलीय. थोडं फिरवा, परत बघा. रात्री जातात यात. वर्गात मुलांना हे सांगताना मी खडू हातात धरून फिरवते, तेव्हा कुठे पटतं.

1907 साली नवाबांचा इंतकाल झाला. वेधशाळा आपल्या माघारी सरकारने चालवावी, ही तजवीज त्यांनी आधीच केली होती. 1908 मध्ये सरकारने ती हाती घेतली. पॅरिसमध्ये 1887 ला ठरलेल्या आकाशाच्या फोटो-नकाशात हैदराबादला दक्षिणेचा 17 ते 23 अंशांचा पट्टा मिळाला. चॅटवुड, पोकॉक, मग भास्करन यांनी 8 इंची दुर्बिणीने हे काम नेलं. साडेसात लाखांहून जास्त तारे मोजले गेले, 12 खंड छापले गेले.

नवाबांची 15 इंची दुर्बीण कामाला लागली ती भास्करन यांच्या काळात. तोवर मरहूम नवाबांना जाऊन दहा वर्षांहून जास्त झाली होती.