बोस्टनचा सेनानी, दिल्लीचा रेसिडेंट : डेव्हिड ऑक्टरलोनी

जुन्या दिल्लीतील हौज काझी चौकाजवळ लाल दगडात बांधलेली एक लहानशी मशीद आहे. मुबारक बेगम या स्त्रीने ती १८२३ साली बांधविली. जुलै २०२० मधील मुसळधार पावसात या मशिदीचा एक घुमट कोसळला आणि सुमारे दोन शतके वर्दळीत दडून राहिलेल्या या वास्तूकडे काही दिवस सर्वांचे लक्ष गेले. मुबारक बेगम ही मूळची पुण्याची, ब्राह्मण घरात जन्मलेली आणि पुढे इस्लामचा स्वीकार केलेली नर्तकी होती, असे सांगितले जाते. तिचा पती मात्र पुण्याचाही नव्हता आणि दिल्लीचाही नव्हता. तो उत्तर अमेरिकेतील बोस्टन शहरात जन्मला होता. त्याचे नाव डेव्हिड ऑक्टरलोनी.

ईस्ट इंडिया कंपनीचा हा सेनापती दोन वेळा दिल्लीचा रेसिडेंट, म्हणजे मोगल दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी होता. दिल्लीकर त्याला लूनी अख्तर या नावाने ओळखत. एका खंडावर इंग्रज वसाहतकऱ्यांच्या वस्तीत जन्मलेला हा मनुष्य दुसऱ्या खंडावर इंग्रजांचे राज्य उभे करण्यासाठी आयुष्यभर झटला. त्या राज्यात आपले घर करण्याचा त्याने प्रयत्न केला, तेव्हा मात्र त्याच्या घराला तेथे जागा उरलेली नव्हती.

इंग्रजांच्या या दोन्ही उद्योगांची सुरुवात एकाच पद्धतीने झाली होती. ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथची सनद मिळाली. त्यानंतर सहा वर्षांनी, १६०६ मध्ये, व्हर्जिनिया कंपनीला राजसनद मिळाली आणि १६०७ मध्ये तिने उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेम्सटाऊन ही वसाहत स्थापन केली. १६२० मध्ये प्लिमथ येथे दुसरी वस्ती झाली. मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला १६२९ मध्ये सनद मिळाली व तिच्या वसाहतकऱ्यांनी १६३० मध्ये बोस्टन वसविले. पूर्वेकडे जाणारा इंग्रज व्यापारासाठी जात असे आणि जगला वाचला तर परत येत असे. पश्चिमेकडे जाणारा इंग्रज बायकामुले, गुरे व बी-बियाणे घेऊन जात असे आणि तेथेच राहत असे. त्यासाठी लागणारी जमीन तेथील मूळ रहिवाशांची होती. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथींनी १६१६ ते १६१९ या काळात त्या किनाऱ्यावरील गावेच्या गावे ओस पडली होती. पुढे १६७५-७६ च्या युद्धात वांपानोआग जमातीचा प्रमुख मेटाकॉम मारला गेला आणि दक्षिण न्यू इंग्लंडमधील मूळ रहिवाशांचा संघटित प्रतिकार मोडून पडला.

अशा रीतीने घडलेल्या बोस्टनमध्ये १२ फेब्रुवारी १७५८ रोजी डेव्हिड ऑक्टरलोनीचा जन्म झाला. त्याचे वडील स्कॉटलंडमधील माँट्रोज येथून आलेले जहाजाचे कप्तान व व्यापारी होते, तर आई बोस्टनचीच होती. डेव्हिड सात वर्षांचा असताना वडील वारले. आई पुढे इंग्लंडला गेली व तेथे तिने दुसरा विवाह केला. डेव्हिडचे शिक्षण मॅसॅच्युसेट्समध्येच झाले. त्याच्या तरुणपणी बोस्टन हे बंडाचे केंद्र बनले होते. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात नागरिकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. १७७५ मध्ये प्रत्यक्ष युद्धाला तोंड फुटले. १७७७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, डेव्हिड त्याच कंपनीच्या बंगाल सैन्यात कॅडेट म्हणून दाखल झाला. ज्या शहरात तो वाढला, ते शहर तोवर इंग्लंडच्या राजाच्या हातून कायमचे निसटले होते.

हिंदुस्थानात आल्यावर हैदरअली व फ्रेंच यांच्याविरुद्ध दक्षिणेत झालेल्या युद्धात तो जखमी होऊन कैद झाला. १७८४ मध्ये त्याची सुटका झाली. त्यानंतरची वीस वर्षे कोणताही गाजावाजा न होता पलटणीत गेली. त्याच्या आयुष्याला वळण मिळाले ते १८०३ मध्ये, आणि ते मराठ्यांच्या पराभवामुळे.

त्या काळी दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता. मराठ्यांच्या साहाय्यानेच बादशहा शाहआलम १७७२ मध्ये दिल्लीला परतला होता. १७८८ मध्ये गुलाम कादिर याने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजी शिंदे यांच्या फौजांनी दिल्ली सोडवून गुलाम कादिराला शासन केले. महादजींच्या मृत्यूनंतर दौलतराव शिंदे यांच्या काळात उत्तरेतील फौजेची सूत्रे फ्रेंच सरदारांकडे होती. जनरल लेक याने ४ सप्टेंबर १८०३ रोजी अलीगढचा किल्ला घेतला आणि ११ सप्टेंबर रोजी यमुनेच्या पूर्वेस पटपडगंजजवळ शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. डिसेंबर १८०३ मधील सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली व दुआब शिंद्यांच्या हातून गेला. लेकच्या सैन्यातील लेफ्टनंट कर्नल ऑक्टरलोनी दिल्लीचा पहिला रेसिडेंट झाला. वृद्ध व अंध बादशहा आता कंपनीच्या ताब्यात आला होता.

पुढच्याच वर्षी त्याची कसोटी लागली. ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकर यांच्या सैन्याने मोठ्या तोफखान्यासह दिल्लीला वेढा घातला. शहराचा तट लांबलचक व जागोजागी ढासळलेला होता आणि तो राखण्यासाठी ऑक्टरलोनी व कर्नल बर्न यांच्याजवळ जेमतेम अडीच हजार शिपाई होते. तटाला खिंडारे पडली, तरीही त्यांनी सुमारे आठवडाभर शहर लढविले. लेकचे सैन्य जवळ येत असल्याची वार्ता आल्यावर होळकरांनी वेढा उठविला. दिल्ली मराठ्यांकडे परत जाण्याची ती अखेरची संधी होती आणि ती ऑक्टरलोनीने हाणून पाडली. बादशहाने त्याला नासिरुद्दौला हा किताब दिला.

हा विजेता दिल्लीत मात्र पराजितांच्या रीतीने राहू लागला. दारा शुकोहच्या ग्रंथालयाची जुनी इमारत त्याची रेसिडेन्सी झाली. काश्मीरी दरवाजाजवळची ही इमारत आजही पाहावयास मिळते. तो हिंदुस्थानी पोशाख घाली, हुक्का ओढी आणि रात्री नाचगाण्याच्या बैठकी भरवी. सुमारे १८२० मधील एका लघुचित्रात गादीवर लोडाला टेकून नृत्य पाहणारा ऑक्टरलोनी दिसतो, तर मागच्या भिंतीवर युरोपीय पद्धतीच्या तसबिरी टांगलेल्या दिसतात. त्याला तेरा बायका होत्या आणि रोज सायंकाळी त्या तेरा हत्तींवर बसून त्याच्यामागे लाल किल्ल्याभोवती फिरावयास निघत, अशी दंतकथा दिल्लीत प्रचलित आहे. तेराचा आकडा कदाचित लोकांनी वाढविलेला असेल. मुबारक बेगमचे घरातील स्थान मात्र निःसंशय सर्वांत वरचे होते. ती स्वतःच्या नावाने नजराणे व खिलती पाठवीत असे. लेडी ऑक्टरलोनी म्हणवून घेतल्यामुळे ती इंग्रजांना खुपत होती आणि कुदसिया बेगम हे राजमातेला शोभणारे नाव लावल्यामुळे मोगल दरबारालाही खुपत होती. ऑक्टरलोनीने मृत्युपत्रात तिचा उल्लेख मराठा स्त्री आणि आपल्या धाकट्या मुलांची आई असा केला आहे.

ज्या काळात हे घर उभे राहत होते, त्याच काळात कंपनीचे धोरण अशा घरांच्या विरोधात जात होते. १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे अमेरिकन सैन्यापुढे शरणागती पत्करणारा लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. १७९१ मध्ये, त्याच्या कारकीर्दीत, हिंदी मातेच्या पोटी जन्मलेल्या इंग्रजांच्या मुलांना कंपनीच्या मुलकी व लष्करी अधिकारपदांचे दार बंद करण्यात आले. या भूमीत मुळे धरलेला गोऱ्यांचा नवा वर्ग निर्माण झाला, तर तोही उद्या अमेरिकेतील वसाहतकऱ्यांप्रमाणे उलटेल, ही धास्ती या धोरणामागे होती, असे अनेक इतिहासकार मानतात. कंपनीच्या परवान्यावाचून युरोपीय माणसाला येथे स्थायिक होण्याचीही मोकळीक नव्हती. ती १८३३ च्या सनदी कायद्याने मिळाली. अमेरिकेत इंग्रजांनी मूळ रहिवाशांना हटवून घरे बांधली. हिंदुस्थानात राज्य करायचे, पण घर बांधायचे नाही, असा दंडक पडला.

या दंडकाची झळ ऑक्टरलोनीला आपल्या मुलींच्या बाबतीत जाणवली. त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढवावे, तर सावळ्या वर्णामुळे इंग्रज समाज त्यांना कायम हिणवील, अशी भीती त्याला वाटत होती. मुसलमान म्हणून वाढवावे, तर त्या एखाद्या मोठ्या घराण्यात मानाने नांदतील, पण आपल्या मुली कोणाच्या तरी जनानखान्यात जातील, हा विचारही त्याला सोसवत नव्हता. आपली ही घालमेल त्याने आपल्या एका सहकाऱ्याला पत्राने कळविली होती. ज्याच्या शब्दावर राजे गादीवर बसत, त्याला आपल्या मुलींचा प्रश्न मात्र सोडविता येत नव्हता.

१८०६ मध्ये दिल्लीचे पद त्याच्याकडून काढून एका मुलकी अधिकाऱ्याला देण्यात आले. त्यानंतर सतलजच्या सरहद्दीवर लुधियाना येथे त्याने कंपनीचे ठाणे उभारले. १८१४ मध्ये नेपाळशी युद्ध सुरू झाले. इतर इंग्रज सेनापती डोंगरी किल्ल्यांपुढे हतबल झाले असताना त्याने तोफा डोंगरकड्यांवर चढवून एकेक ठाणे घेतले आणि मे १८१५ मध्ये मलौन येथे अमरसिंह थापा यांना वाटाघाटीस भाग पाडले. गुरख्यांना कंपनीच्या सैन्यात घेण्याची सुरुवातही याच मोहिमेत झाली. १८१६ मध्ये सुगौलीचा तह अमलात आला आणि कुमाऊँ, गढवाल हे प्रदेश नेपाळकडून गेले. ऑक्टरलोनीला बॅरोनेट ही पदवी मिळाली आणि नाइट ग्रँड क्रॉस हा बाथ सन्मानातील सर्वोच्च दर्जा मिळविणारा तो कंपनीच्या सैन्यातील पहिला अधिकारी ठरला.

१८१८ मध्ये पुण्यात पेशवाईचा अस्त झाला. त्याच वर्षी ऑक्टरलोनी पुन्हा दिल्लीत रेसिडेंट झाला व पुढे राजपुताना आणि माळव्याचा कारभारही त्याच्याकडे आला. अजमेरजवळील नसीराबादची छावणी त्याच्याच किताबावरून ओळखली जाते. परंतु काळ बदलला होता. नव्या पिढीच्या अधिकाऱ्यांना त्याचा दरबारी थाट आणि बेगमेचे वर्चस्व पसंत नव्हते.

शेवटचा आघात भरतपूर प्रकरणाने केला. फेब्रुवारी १८२५ मध्ये तेथील राजा बलदेवसिंह वारला. त्याचा अल्पवयीन मुलगा बलवंतसिंह याला ऑक्टरलोनीने कंपनीच्या वतीने वारस म्हणून मान्यता दिलेली होती. चुलतभाऊ दुर्जनसाल याने सत्ता बळकावताच ऑक्टरलोनीने जाहीरनामा काढला आणि सैन्य गोळा केले. ब्रह्मदेशाच्या युद्धात गुंतलेल्या गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्टने हा हुकूम रद्द करावयास लावला. एका बालकाला दिलेला शब्द मोडण्याची पाळी आलेल्या वृद्ध सेनापतीने राजीनामा दिला आणि १५ जुलै १८२५ रोजी मेरठ येथे वयाच्या ६७ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. १८ जानेवारी १८२६ रोजी कंपनीच्याच सैन्याने भरतपूरचा किल्ला घेऊन बलवंतसिंहाला गादीवर बसविले. ऑक्टरलोनीचा निर्णय योग्य ठरला, पण सहा महिने उशिरा.

त्याची कबर मेरठच्या सेंट जॉन चर्चच्या दफनभूमीत आहे. त्याची पदवी त्याच्या नातवाकडे गेली आणि हा नातू पुढे स्कॉटलंडमध्ये स्थायिक झाला. मुबारक बेगम दिल्लीतच राहिली. तिने विलायतअली खान या मोगल सरदाराशी विवाह केला व १८५७ च्या उठावात हा सरदार इंग्रजांविरुद्ध लढला. एकाच घराच्या वाटा अशा रीतीने दोन दिशांना गेल्या.

कलकत्त्यात १८२८ मध्ये ऑक्टरलोनीच्या स्मरणार्थ सुमारे ४८ मीटर उंचीचा मनोरा उभारण्यात आला. १९६९ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मृतीसाठी त्याचे शहीद मिनार असे नामकरण झाले. आता त्याचे नाव त्या मनोऱ्याला नाही. दिल्लीतील लाल दगडाच्या मशिदीला मात्र पुण्याहून आलेल्या त्या स्त्रीचे नाव आजही आहे.