वेठमुक्तीचा प्रवास आणि तडवळ्याची शाळा

धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे या गावी 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली होती. परिषदेसाठी आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम गावातील शाळेत होता. त्यामुळे या साध्या वास्तूला जिल्ह्याच्या इतिहासात मानाचे स्थान लाभले.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करात होते. घराणे मूळचे कोकणातील आंबडव्याचे. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडनला त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास पूर्ण केला. परदेशातील पदव्यांनी मायदेशी अस्पृश्यतेचा जाच मात्र चुकला नाही. बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहायला जागाही मिळेना.

ज्या अमेरिकेत ते शिकले, तेथील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना महात्मा फुले यांनी 1873 मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला होता. फुले यांना गुरुस्थानी मानणाऱ्या बाबासाहेबांना आपल्या खेड्यांतील दास्य वतनाच्या रूपाने दिसले. थोडी इनाम जमीन आणि बलुत्याचे धान्य यांच्या मोबदल्यात संपूर्ण कुटुंबाने रात्रंदिवस सरकारी व गावकीची कामे करावयाची, सांगावे पोहोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची. वतन हा मान वाटे. प्रत्यक्षात ती पिढीजात वेठ होती. 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्याला यश आले नाही, तरी त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. तडवळ्याची परिषद याच लढ्यातील एक टप्पा होती.

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. घटनेच्या 17व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि 23व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर मुंबई राज्याने 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द केली.

लंडनमधील 10, किंग हेन्रीज रोड या घरात ते 1921-22 मध्ये राहिले होते. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते विकत घेतले. तेथील संग्रहालयास स्थानिक प्रशासनाने हरकत घेतली. अखेर मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. दादरचे ‘राजगृह’ तर त्यांच्या ग्रंथप्रेमाची साक्षच आहे.

ही घरे जगाच्या नकाशावर आहेत. तडवळ्याची शाळा खेड्यातली. पण ज्यांच्यासाठी हा लढा होता ती माणसे येथेच जमली होती. लंडनचे घर बाबासाहेबांच्या विद्येची आठवण देते, तर ही शाळा त्या विद्येचा उपयोग कोणासाठी झाला हे सांगते. भिंती ढासळल्या की ऐकीव आठवणीही विरत जातात. म्हणून ही वास्तू मूळ रूपात राखणे, त्या दोन दिवसांची कागदपत्रे, छायाचित्रे आणि वृद्धांच्या तोंडून चालत आलेल्या आठवणी तेथे एकत्र करणे, हे जिल्ह्याचे कर्तव्य आहे. शाळेतील मुक्कामाचे स्मारक मुलांना शिकवणारेच असावे, हे बाबासाहेबांच्या जीवनाला साजेसे ठरेल.