चे गव्हेराचा दमा

एर्नेस्तो गव्हेरा, म्हणजे पुढे जगभर ‘चे’ या नावाने ओळखला गेलेला क्रांतिकारक, १९२८ साली अर्जेंटिनातील रोसारिओ शहरात जन्मला. मे १९३० मध्ये, गारठ्याच्या दिवसांत, आई त्याला पोहायला घेऊन गेली आणि त्यानंतर त्याला पहिल्यांदा धाप लागली. वडिलांनी याचा दोष आईला दिला. प्रत्यक्षात नुसत्या गारठ्याने दमा जडत नाही. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका संवेदनशील असतात, त्यांना आतून सूज असते. थंड हवा, धूळ, धूर, परागकण ही झटक्याची निमित्ते ठरतात.

कोरडी हवा मिळावी म्हणून हे कुटुंब आल्ता ग्रासिया या डोंगराळ गावी राहायला गेले. आजारपणामुळे एर्नेस्तोचे सुरुवातीचे शिक्षण आईनेच घरी केले. तरीही त्याने खेळ सोडले नाहीत. रग्बी खेळताना दम लागला की तो मैदानाबाहेर येऊन औषध ओढायचा आणि पुन्हा खेळायला जायचा. १९५३ मध्ये तो ब्यूनोस आयर्सला डॉक्टर झाला. ॲलर्जी हा त्याच्या खास अभ्यासाचा विषय होता. सिगार मात्र त्याने सोडला नाही.

१९५६ मध्ये फिडेल कॅस्ट्रोसह ८२ जण ‘ग्रान्मा’ या नौकेतून मेक्सिकोहून क्युबाकडे निघाले. घाईत त्याचे दम्याचे औषध मागेच राहिले आणि त्या प्रवासात तो बेजार झाला.

पुढे बोलिव्हियाच्या जंगलात हेच अधिक तीव्रतेने घडले. जुलै १९६७ मध्ये त्याच्या तुकडीने औषधांसाठी सामाइपाता गाव गाठले, पण त्याला हवे ते औषध मिळाले नाही. ऑगस्टमध्ये लष्कराने गुहेत लपवलेला त्याचा औषधसाठाही शोधून काढला. चालणे अशक्य झाल्याने त्याला अनेकदा जनावरावर बसून जावे लागे. ८ ऑक्टोबरला तो पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

त्याच्याकडे जिद्द होती, वैद्यकीय ज्ञानही होते. पण त्याची भिस्त होती ती आकसलेल्या श्वासनलिका तेवढ्यापुरत्या मोकळ्या करणाऱ्या औषधांवर. आतली सूज आटोक्यात ठेवणारा स्टिरॉइडचा इनहेलर १९७२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, वापरात आला.

आज हा इनहेलर गावोगावच्या औषध दुकानांत मिळतो. तरीही ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने अनेक जण तो टाळतात किंवा बरे वाटताच बंद करतात. त्यात औषधाची मात्रा अगदी थोडी असते, ती थेट श्वासनलिकेत जाते आणि तिचे व्यसन लागत नाही. नियमित घेतल्यास झटके कमी होतात. तात्पुरत्या आरामाचा पंप वारंवार लागत असेल, रात्री धाप लागून जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे.